पांडेसऱ्यातला 'सकर'

उधना स्टेशनवरून पांडेसऱ्याकडे निघालं की डाईंग मिलची धुरांडी दिसू लागतात. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील जळगाव, धुळे, नंदुरबारहून याच तापी लाईनने इथे आले. मिल आणि लूमच्या पाळ्या करत त्यांनी संसार उभे केले. आता त्यांतल्या काही घरांत मुलांच्या हौसेचा फिश टँक असतो, आणि काच साफ राहावी म्हणून त्यात एक 'सकर'.

पण सकर हे काही एकाच माशाचं नाव नाही. तोंडाने काचेला चिकटणारे दक्षिण अमेरिकेतले बरेच मासे या एका नावाखाली विकले जातात. बोटाएवढे असताना ते जवळपास सारखेच दिसतात. पुढे मात्र ब्रिसलनोज वीतभरही होत नाही आणि सेलफिन चांगला हातभर वाढतो!

म्हणून विकत घेण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढा. पहिला बाजूने, पाठीवरचा पर उभा असताना. पुढचा जाड काटा सोडून मागचे काटे मोजा. ब्रिसलनोजला साधारण सात असतात, सेलफिनला नऊ ते चौदा. दुसरा फोटो मासा काचेला चिकटलेला असताना पोटाचा. सेलफिनमध्येही पोटावर सुटे ठिपके असले तर बहुधा पार्डॅलिस आणि वळवळत्या रेघा असल्या तर डिसजंक्टिव्हस. या दोघांचा संकर होतो, त्यामुळे मधलीच नक्षीही दिसते. तेव्हा फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

हा मासा टाकीत मावेनासा झाला की लोक तो नदीत किंवा खाडीत सोडतात. खरा धोका तिथेच आहे. सेलफिन काठाच्या मातीत बिळं करतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. आंध्रात मच्छीमार त्याला 'दय्यम चेप', म्हणजे भुताचा मासा म्हणतात.

मुलताईहून निघालेली तापी खानदेश ओलांडून, उकाईवरून सुरतेला येते. सुमारे ७२४ किलोमीटरची ही नदी आपल्या गावाची आणि या शहराचीही. मासा मोठा झाला तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या एखाद्याला द्या. तापीत सोडू नका.

आणि रविवारी पालच्या जगदीशचंद्र बोस मत्स्यालयात गेलात, तर मुलांना माशांच्या पाठीवरचे काटे मोजायला लावा. डोळ्यांना सवय तिथेच लागेल.