साडेआठ किलो इंद्रायणी

लग्नाआधी गड चढायला मला फारसं सामान लागत नसे. चार ठिकाणी शिवलेली एक सॅक, हंटर शूज, आईनं बांधून दिलेल्या दशम्या आणि एक टॉर्च. टॉर्च पेटावा अशी कुणाची अपेक्षा नसे, तो आपला सोबतीला. आमच्या बायकोचंही तसंच. किंबहुना आमची ओळखच मुळी राजगड उतरताना झाली. माझ्या बुटाचा तळवा निखळून आ करून हसत होता आणि तिनं आपल्या सॅकमधून हातभर सुतळी काढून दिली. सुतळीवर उभा राहिलेला आमच्याइतका भक्कम संसार दुसरा नसेल.

पुढे थोरली झाली, मग धाकटा झाला आणि पाच वर्षं आम्ही पर्वतीच्या वर गेलो नाही. "डोंगर काय पळून जातायत?" असं मी दर रविवारी पेपर वाचता वाचता म्हणत असे. एकदा मुंबईला जाताना मळवलीच्या आसपास गाडीच्या खिडकीतून लोहगड दिसला. बायको बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ते पळून जात नाहीत हे बरोबर आहे. पण मीसुद्धा कुठं जात नाही. दोघांपैकी कुणीतरी हलायला हवं ना?"

हे वाक्य मला कर्जतपर्यंत पुरलं.

डिसेंबरातला एक रविवार ठरला. गड अर्थात लोहगड. लोहगडवाडीपर्यंत वाहन जातं आणि तिथून वर थेट पायऱ्या आहेत. आता हा गड 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसला आहे, पण पायऱ्यांची उंची त्यामुळे कमी झालेली नाही. प्रश्न एवढाच होता, की आठ महिन्यांच्या इसमाला वर न्यायचं कसं?

दुकानातला मुलगा माझ्या जुन्या सॅकहूनही वयानं लहान होता. त्यानं दोन प्रकार दाखवले. एक कापडी, छातीशी बांधायचा. दुसरा ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा, पाठीवर घ्यायचा, वर छप्पर, खाली खिसे, आणि जमिनीवर ठेवला तर आपल्या पायावर उभा राहणारा. आमच्या घरात इतकी स्वावलंबी वस्तू दुसरी नव्हती. "बाळ आपलं आपण बसतं का?" मुलानं विचारलं. "मान चांगली धरत असेल आणि बसत असेल, तरच हा घ्या." मी म्हटलं, बसतो, पण खाऊ दिसला की त्या दिशेला कलंडतो. मग त्यानं मला पट्टे समजावले. छातीचा, खांद्याचा, खांद्याच्या वरचा, आणि सर्वांत महत्त्वाचा कमरेचा. वजन खांद्यावर नाही, कमरेच्या हाडावर यायला हवं. "ते हाड शोधा," तो म्हणाला. शोधलं. लग्नात होतं, एवढं आठवतं.

नुसता सांगाडाच तीन किलोंचा. म्हणजे बाळ बसायच्या आधीच बाळाचा लहान भाऊ पाठीवर. बायकोचं मत कापडीच्या बाजूनं होतं, पण छातीवर बाळ असलं की पायाखालची पायरी दिसत नाही, असा मी मुद्दा काढला. तो खरा आहे. खिसे मला आवडले होते, हेही खरं आहे.

थोरलीच्या बुटांवरून मात्र घरात दोन तट पडले. आमच्या कुळात बूट वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. मी स्वतः चौथीचे बूट सहावीत फिट्ट केले. बायको म्हणाली, "उतरताना पाय पुढे घसरतो आणि नखं जातात. पुढे अंगठ्याएवढी जागा पुरे. आणि आठवडाभर घरात घालून मोडून घे." मग थोरली आठ दिवस बूट घालून झोपली. तिला स्वतःची सॅक हवी होती. त्यात एक बाहुली, पाण्याची छोटी बाटली आणि एक शिट्टी. हरवलं तर आहे तिथंच उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची, असं तिला शिकवलं होतं. पुढे तिनं शिवाजीनगर ते मळवली लोकलमध्ये सतत शिट्टी वाजवून आपण हरवलो नसल्याची खात्री करून घेतली.

रंगीत तालीम घ्या, असं दुकानातल्या मुलानं बजावलं होतं. बाळाला आधीच त्रास नको, म्हणून त्याच्या वजनाइतके, साडेआठ किलो इंद्रायणी तांदूळ पिशवीत भरून मी सांगाड्यात बसवले, पट्टे आवळले आणि आमच्या इमारतीचे चार जिने चढू-उतरू लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "लिफ्ट बंद आहे?" म्हटलं, नाही, चालू आहे. "मग हे काय?" तांदूळ आहेत. काकांनी तांदळावरचं छप्पर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं. दुसऱ्या फेरीत घरात शिरताना धाडकन आवाज झाला. पाठीवरच्या बाळाचं डोकं आपल्या डोक्याहून वर असतं, हे तोवर कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं. मी चौकटीखालून गेलो, तांदूळ गेला नाही. बायको काही बोलली नाही. नुसती त्या फुटलेल्या पिशवीकडे बघत उभी राहिली. त्या दिवसापासून मी रिकाम्या पाठीनंही दारातून वाकून जातो.

या सगळ्या खटाटोपात आई एका कोपऱ्यात जपमाळ ओढत बसली होती. जायच्या आदल्या रात्री ती उठली आणि दोन वस्तू घेऊन आली. आपल्या फणीच्या पेटीतला हातभर जुना, पण तळहाताएवढा आरसा, आणि धाकट्याची कुंची. "आरसा खांद्याशी बांध. मागचं पोर काय करतंय ते तुला दिसायचं कसं?" हे मात्र सांगाडा बनवणाऱ्यालाही सुचलं नव्हतं. बायकोनं तो सुतळीनं खांद्याच्या पट्ट्याला बांधला. कुंची मी परत केली. म्हटलं, "आई, छप्पर आहे याला." आई "बरं" म्हणाली. आई "बरं" म्हणते तेव्हा ती वस्तू डब्याच्या पिशवीत तळाशी गेलेली असते.

चढण मजेत झाली. सांगाड्याची मी उगाच चेष्टा केली. वजन खरोखर कमरेवर राहिलं. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, प्रत्येक ठिकाणी मी गरज नसताना वाकलो आणि आरशात बाळाचं बोळकं हसलं. थोरली पायऱ्या मोजत होती. वीसनंतर तिला पुन्हा एकच येत होता, त्यामुळे गड लवकर चढून झाल्यासारखा वाटला. मला घाम फुटला होता. म्हटलं, बाळालाही उकडत असणार. अर्ध्या वाटेत त्याचा स्वेटर काढायला लावला.

महादरवाज्यातून वर आलो आणि पवनेच्या बाजूनं वारा सुटला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! दहा-पंधरा मिनिटं तसाच हिंडलो, थोरलीला पवनेचं पाणी दाखवलं. मग सहज आरशात पाहिलं. बाळ हसत नव्हतं. रडतही नव्हतं. मान एका बाजूला टेकलेली, ओठ निळसर.

पट्टे उघडताना माझी बोटं चालेनात. ते सगळे पट्टे, ज्यांची नावं मी पाठ केली होती, एकही सुटेना. बायकोनं मला खाली बसवलं, दोन खटके दाबले आणि त्याला उचललं. हातपाय गार. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला ती वाऱ्याकडे पाठ करून बसली, त्याला आपल्या शालीत उघड्या अंगाशी धरलं आणि म्हणाली, "डबा उपस." तळाशी कुंची होती.

किती वेळ गेला कोण जाणे. थोरली शिट्टी हातात धरून गप्प उभी होती. मग कुंचीतून एक शिंक आली आणि पाठोपाठ भोकाड. इतकं सुरेल रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. हळूहळू ओठांवर रंग आला आणि मग त्यानं आईचं नाक धरून ओढलं.

"तू चालत होतास," बायको म्हणाली. "तो नुसता बसून होता."

एवढंच. रागानंसुद्धा नाही. महिनाभर मी कमरेचं हाड शोधत होतो, पण चालणाऱ्याला उकडतं तेव्हा बसणाऱ्याला गारठा लागतो, हे काही माझ्या यादीत नव्हतं. मी म्हटलं, चल, उतरू या. पुन्हा नाव काढणार नाही.

"आधी जेवू," ती म्हणाली.

दशम्या झाल्या, पोरगं पिऊन कुंचीत झोपलं, थोरलीनं दुसरा लाडू मागितला. बायकोनं धाकट्याला शालीसकट माझ्या मांडीवर ठेवलं, उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "विंचूकड्याच्या टोकापर्यंत जाऊन येते." सॅक नाही, बाटली नाही, काही नाही. भराभरा निघालीसुद्धा. राजगडावर चालत होती तशीच.

मी आडोशाला बसून राहिलो. मांडीवर साडेआठ किलो, शेजारी तीन किलोंचा सांगाडा, भोवती उघडे डबे. बऱ्याच वेळानं त्या लांबलचक सोंडेच्या टोकाशी एक ठिपका दिसला. ठिपक्यानं हात वर केला. थोरलीनं गालफडं फुगवून शिट्टी फुंकायला घेतली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मी तिला "पुरे" म्हटलं नाही.