बोलका ब्रोच

जुना दागिना नव्या पेहरावावर मिरवण्यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र अंगावरचे सारेच एकदम बोलू लागले (आमच्याकडच्या लग्नांत हे पुष्कळदा घडते) की काहीच ऐकू येत नाही.

१९९४च्या सुमारास इराकच्या सरकारी वृत्तपत्रांनी संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या राजदूत मॅडेलिन ऑलब्राइट यांची सर्पिणी म्हणून संभावना केली. पुढे इराकविषयक बैठकीला त्या सोन्याचा एक जुना सर्प छातीशी टाचून गेल्या. पत्रकारांनी पृच्छा केली, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यानंतर मन प्रसन्न असले की फुलपाखरू वा फुगा, बिनसले की कीटक!

त्यांच्या संग्रहात बाजारातले स्वस्त ब्रोचही पुष्कळ. लेकीने पाच वर्षांची असताना घडवलेले मातीचे हृदय तर त्या दर व्हॅलेंटाइन दिनी आवर्जून लावीत.