चोरदिंडी

रायगडाची चोरदिंडी ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ठाऊक आहे कीं, अशी गुप्त वाट गडकरीच आपल्या सोईसाठीं राखून ठेवीत असे. संगणकाच्या कोटांत मात्र उलटा प्रकार. तेथें दिंडी पाडतो शत्रु, आणि तिचा पत्ता नसतो तो गडकऱ्यासच.

सन २०२४ च्या मार्च महिन्यांत आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचें दिसलें. तुम्हीं आम्हीं तें सोडून दिलें असतें. त्यांनीं पिच्छा पुरविला, आणि फायलींचा आकार लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतील दिंडी उघडकीस आली. चाचणीच्या म्हणून ठेविलेल्या फायलींत ती दडविली होती. आणि दडविणारा दोन वर्षांहून अधिक काळ इमानी मदतनीस म्हणून वावरला होता!

गेल्या वर्षीं आमच्या परिचयाच्या एका वाचनालयाच्या सर्व्हरांत कोणी परका शिरला, तेव्हां हें प्रकरण आम्हांस वारंवार आठवलें. वाचनालयांत चोरण्याजोगें काय असणार, असें कोणी म्हणेल. पण एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांचे पत्ते, आणि त्यांस पुस्तकें कोणत्या वेळीं पोंचवावयाचीं ती यादी त्यांत होती.

मुखपृष्ठांच्या चित्रांत एक फाइल नांवापुरतीच चित्र होती. बाहेरून आलेला हुकूम मुकाट्यानें बजावणें हें तिचें काम. ती काढली, तों दुसऱ्या दिवशीं पहाटे पुनः हजर! ठरल्या वेळीं कामें करणाऱ्या 'क्रॉन'च्या यादींत घुसडलेली एक ओळ तिला रोज नवा जन्म देत होती. शिवाय प्रवेशाच्या किल्ल्यांत एक किल्ली परकी निघाली. फायलींवरील तारखांवर विसंबावें, तर त्याही मागच्या घालतां येतात. आणि ज्या आज्ञांनीं आपण हें सारें पाहतों त्याच फितूर असल्या तर? चोराच्या साथीदारास दिवा धरावयास सांगून घर धुंडाळण्यांत काय हंशील! म्हणून आम्हीं डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून एकेक फाइल मूळ प्रतीशीं ताडून पाहिली.

मूळ प्रत तरी शुद्ध कशावरून? केन टॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, माणसानें लिहिलेल्या मजकुराचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा कंपायलरच फितविला, तर मजकुरांत मागमूसही न राहतां दिंडी तयार होते. हें वाचल्यापासून 'सर्व तपासलें' हे शब्द आमच्या तोंडून सहसा निघत नाहींत.

"आतां आंत कांहीं राहिलें नाहीं ना?" असें चिटणीसांनीं विचारलें. सांपडलें तें काढलें, एवढेंच आम्हीं सांगितलें, आणि सर्व व्यवस्था नव्या यंत्रावर मुळापासून बसविण्याचा आग्रह धरला. खर्च त्यांस जड गेला. तरी तो त्यांनीं सोसला. किल्ल्या व परवलीचे शब्द बदलले. जुन्यांतून केवळ याद्या तेवढ्या पारखून आणल्या. नंतर चिटणीस आठवडाभर त्या वृद्ध सभासदांच्या घरीं स्वतः जात होते, झाला प्रकार सांगावयास, आणि पुस्तकें पोंचविण्याच्या वेळा बदलून घ्यावयास.