ढोकीचा रस्ता आणि मीटरवरचा लाल दिवा

लातूरहून बार्शीकडे निघाले की मुरूडनंतर ढोकी लागते. तेरणा साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही पोहोचले. १९११ साली लातूरपर्यंत आलेली बार्शी लाईट रेल्वे, ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, ढोकीवरूनच जात असे. २००८ पर्यंत हा मार्ग ब्रॉडगेज झाला. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव झाले. रूळ बदलले, नाव बदलले, पण सिग्नलचा नियम तोच राहिला. लाल दिवा दिसला की गाडी थांबते. उशीर झाला म्हणून रेल्वेचा ड्रायव्हर तो ओलांडत नाही.

मोटारीच्या मीटरवरचा लाल दिवाही याच मानाचा आहे. परंतु आपल्याकडे त्याला तो मान मिळत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची मंडळी तेर पाहायला निघालो होतो. गाडी पुतण्याची, जुनी, हप्त्यावर घेतलेली. याच गाडीच्या भाड्यावर त्याचे घर चालते. ढोकीच्या अलीकडे मीटरवर तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह लागले. त्याने गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केले.

वहिनी म्हणाल्या, "अरे, गाव तर समोर दिसतंय. हळूहळू ने की."

तो म्हणाला, "आई, हा दिवा लागल्यावर एवढंसुद्धा लांब असतं."

थोड्या वेळाने त्याने ऑईलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. खालचा बोल्ट सैल होऊन गळती लागली होती. गॅरेजचे मिस्त्री मोटारसायकलवर ऑईलचा डबा घेऊन आले. त्यांनी बोल्ट आवळला, ऑईल भरले, तेव्हा दिवा गेला. ऑईलचा दाब नसला तर इंजिनातले लोखंड लोखंडावर घासते आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. मग हप्ता चालूच राहतो आणि कमाई बंद पडते. पट्टीवर ऑईल पुरेसे दिसूनही दिवा जात नसेल, तरी गाडी चालवू नये. मिस्त्रीला बोलवावे.

बाकीचे दिवेही वाचकांनी ओळखून ठेवावेत. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे सांभाळून चालवा आणि लवकर तपासून घ्या. हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे एवढेच.

पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरसारखे लाल चिन्ह म्हणजे इंजिन तापले. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत जाताना, उन्हाळ्यात एसी लावून चढ चढताना ते लागू शकते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. पट्टा तुटला असेल किंवा डायनॅमो बिघडला असेल. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा राहिला, तर ब्रेक ऑईल कमी झाले असण्याची शक्यता असते. ती गाडी पुढे नेऊ नये. इथे पैशांचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून थांबावे. एबीएसचा पिवळा दिवा लागला तरी साधा ब्रेक लागतो, मात्र जोरात दाबल्यास चाके घसरू शकतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. चावी फिरवली की हे धोक्याचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर विकणाऱ्याला कारण विचारा. दोष झाकण्यासाठी बल्ब काढून ठेवणारेही असतात.

त्या दिवशी आम्ही उशिरा का होईना तेरला पोहोचलो. विटांच्या स्तूपाचे अवशेष जिथे सापडले ते हे गाव म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात इथला माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असल्याची नोंद आहे. चाक कुरकुरले की वंगण घालावे, हे बैलगाडी हाकणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आजच्या गाडीत ती कुरकुर दिव्याने कळते एवढाच फरक.

मालकाची गाडी चालवणाऱ्या आपल्या भावांची अडचण वेगळी आहे. "खेप टाकून ये, मग बघू," असे मालक म्हणतो आणि इंजिन बसले की पगारातून कापतो. अशा वेळी गाडी थांबवून दिव्याचा फोटो काढावा आणि वेळेसह मालकाला पाठवावा. गाडीत बसणाऱ्या बायामाणसांनी व मुलांनीही हे दिवे शिकून घ्यावेत. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते. दिवा आधी शेजारी बसलेल्याला दिसला, तर त्याने संकोच न करता सांगावे.