तुकडा नाही, काठी

उजव्या हाताच्या तर्जनीचं नख परत आलंय, पण मधोमध एक उभी रेघ घेऊन. ती रेघ राउटरची, लाकडाच्या कडा मारायच्या यंत्राची. खरं तर राउटरचं पातं बोटाला लागलंही नाही. त्यानं भिरकावलेला चार इंची लाकडी मासा नखावर बसला आणि तिथून खिडकीच्या काचेवर गेला. काच मी दुसऱ्या दिवशी बदलली. घरात दोन दिवस अबोला होता, तो मात्र नखावरून नव्हे, काचेवरून.

रेवदंड्याच्या खाडीवर भरतीच्या वेळी मी जिताडा गरवायला जातो. जुने लोक गळाला जिवंत बोईट लावतात. मी लूर लावतो, म्हणजे बोईटासारखा दिसणारा आणि पोहणारा खोटा मासा. विकतचा चांगला लूर महाग, आणि कालवांच्या खडकात एकदा अडकला की गेलाच. म्हणून घरीच करायचं ठरवलं. लाकूड शिवणीचं घेतलं. हलकं असतं, वाकत नाही आणि चाकूखाली रुसत नाही.

पहिले पाच मी हातानं कोरले. पाचही दिसायला देखणे. मागच्या हौदात दोरीनं ओढून पाहिले, तर एक सरळ उभा राहून शेपूट हलवत आला, दोन गोल फिरले आणि दोन मेल्यासारखे कुशीवर पडले. लुराच्या हनुवटीला प्लास्टिकचा तिरका ओठ असतो. त्यावर पाणी आपटतं आणि मासा डाव्या-उजव्या अंगाला डोलतो. हे डोलणंच जिताड्याला भुलवतं. एका बाजूचा गाल दुसऱ्यापेक्षा जरा जरी भरीव राहिला, तरी तोल जातो. चाकूनं कोरताना माझ्याकडून उजवी बाजू नेहमी जास्त कापली जाते. आपल्या हातालाही एक कल असतो. आणि जो एक सरळ पोहला, तसाच दुसरा करता येईना, हे दुःख वेगळंच.

मग ट्रिमर घेतला. आपल्याकडचे सुतार सनमायकाच्या कडा मारायला वापरतात तो छोटा राउटर. प्लायच्या फळीखाली तो उलटा बसवला, बिट म्हणजे त्याचं पातं वर काढलं आणि आधीच कापून ठेवलेला चार इंची तुकडा दोन बोटांत धरून डावीकडून उजवीकडे सरकवला. पुढचं वर सांगितलंच आहे. मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या पात्यासमोर आपण बोटं सावरेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

गल्लीतले मेस्त्री माळकरी आहेत. मासा त्यांच्या घरात शिजत नाही. पण बोटाची पट्टी बघून ते स्वतःहून आले, फळी बघितली, तुकडा बघितला आणि म्हणाले, “सर, तुकडा नाय धरायचा. काठी धरायची.”

या एका वाक्यानं माझं काम उलटं झालं. तोवर मी आधी मासा कापत होतो आणि मग गोल करत होतो. मेस्त्रींनी आधी गोल करायला लावलं आणि कापायचं अगदी शेवटी.

सात सूत जाड, सात सूत रुंद आणि दीड फूट लांब अशी चौकोनी काठी त्यांनी रंधून दिली. गुण्या लावून चारही बाजू तपासल्या. त्यावर मी पेन्सिलीनं एकामागोमाग तीन मासे आखले. मधे बोटभर जागा सोडली आणि दोन्ही टोकांना दीड-दीड इंच कोरं लाकूड ठेवलं. ओठाची खाच, पोटातल्या शिशाची भोकं, पोटाखालून तार बसवायची चीर, हे सगळं काठी चौकोनी असतानाच करून घेतलं. गोल झाल्यावर मधली रेघ शोधत बसणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

बिट तीन सुताच्या गोलाईचा. दोन्हीकडून तीन-तीन सूत गेलं की प्रत्येक बाजूवर एक सुताची सपाट पट्टी उरते. मी चार सुताचा आणायला निघालो होतो. मेस्त्रींनी नुसती बोटं मोजून दाखवली. फळीवर बिटाच्या मागे एक आडवी पट्टी ठोकली, बिट तिच्यातून जेमतेम डोकावेल अशी. पट्टीच्या दोन टोकांना ठोकळे मारले, म्हणजे काठी त्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. ठोकळ्यांमुळे टोकं चौकोनी राहतात आणि काठी फळीवर लोळत नाही.

काठी उजवीकडून डावीकडे सरकवायची. उलट्या बसवलेल्या राउटरचं पातं आपल्या बाजूला डावीकडून उजवीकडे फिरतं, म्हणजे आपण त्याच्यासमोर जातो. त्याच्याबरोबर गेलो तर ते काठी हातातून ओढून घेतं. माझं नेमकं तेच झालं होतं. सुरुवातीला काठीचं उजवं टोक ठोकळ्याला टेकवायचं आणि मग डावं अंग हळूच बिटाकडे आणायचं. पात्यानं मागे ढकललं तरी ठोकळा अडवतो. हात कायम बिटापासून वीतभर लांब.

एकदम पूर्ण खोली घेतली नाही. आधी बिट सूतभर वर, चारही कडा. मग अजून थोडा वर, पुन्हा चारही कडा. एक कड पूर्ण करून दुसरी घ्यायचा मोह होतो, पण सारखेपणा येतो तो एका उंचीवर चारही कडा फिरवल्यानं. बिट बदलताना प्लग काढून खिशात. हातमोजे मुळीच नाहीत. पातं कापड गुंडाळून घेतं आणि मागोमाग हात. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. शिवणीचा भुसा पिठासारखा उडतो आणि दोन दिवस शिंकांत निघतो.

काठी झाली तेव्हा ती चौकोनी टोकांच्या लाटण्यासारखी दिसत होती. मासा कुठेच नव्हता. तो पुढे कानशीनं आणि चाकूनं आला. डोकं आणि शेपटीचं निमुळतेपण मी राउटरला देत नाही. तिथं तंतू आडवे सुटतात, आणि तेवढं तरी हातानं करावं असं मला वाटतं. पण तेही काठीला जोडलेलं असतानाच, टोकं शिकंज्यात धरून. मग बारीक करवतीनं तीन तुकडे. हातानंच म्हणाल तर, फिनलंडच्या लौरी रापाला यांनी 1936 साली आपला पहिला लूर बुचातून चाकूनं कोरला आणि त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. त्यांना राउटर लागला नाही, हे मला माहीत आहे. त्यांचा हात माझ्याकडे नाही, हेही.

तिन्ही हौदात सोडले. तिन्ही उभे राहिले. एकाची डोल जरा आळशी होती. ओठ थोडा घासल्यावर तीही सुधारली.

त्यातला एक जिताड्यानं दोरी तोडून नेला. दुसरा कालवांच्या खडकात गेला. तिसरा मेस्त्रींनी मागून घेतला. गळ काढलेला तो मासा त्यांच्या टीव्हीवर, विठोबाच्या तसबिरीशेजारी आहे.