वस्तरा कधी उचलायचा नाही

दशक्रियेला आलेलं अख्खं कुटुंब एकदम दुकानात शिरलं की मी खुर्च्या मोजत नाही, आधी ब्लेडची पाकिटं बघतो. पंचवटीत आमचं सलून. रामकुंडावर विधी असतो, क्षौर बहुतेकांचं घाटावरच होतं. पण म्हातारे, गुडघे दुखणारे, उघड्यावर बसायला संकोचणारे लोक वर आमच्याकडे येतात. दुःखात असतात, घाईत असतात, गुरुजींचा फोन वाजत असतो. त्यातला कोणीतरी थोरला हमखास म्हणतो, ‘‘दादा, घरचेच आहोत सगळे. एकाच ब्लेडवर उरका.’’

‘‘ब्लेडचे वेगळे पैसे लावत नाही, भाऊ,’’ मी सांगतो आणि दर डोक्याला नवं ब्लेड काढतो. आमच्याकडे ब्लेड कागदातच मधोमध मोडतात, अर्धं वस्तऱ्यात बसवतात. मोडायचं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, असा दुकानाचा नियम आहे.

वडील घाटावर बसायचे. धोकटीत वस्तरे, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी. पट्ट्यावर दोनदा घासला की वस्तरा पुढच्या माणसासाठी शुद्ध झाला, असं तेही धरून चालायचे आणि समोर बसलेलाही. सुधारायची ती धार. रक्ताचा अंश कुठे जाणार? तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. आज मात्र माहीत आहे. हिपॅटायटिस बीचा, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात तिचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं रक्त त्याला पुरतं. गंमत अशी की गिऱ्हाईक विचारतं ते एड्सचं, आणि एचआयव्ही बाहेरच्या हवेत त्या मानाने फार लवकर मरतो. कावीळ कोणी विचारत नाही. हिपॅटायटिस बीची लस आहे, ती मी आणि माझ्या कारागिरांनी घेतली आहे. सी प्रकाराला अजून लस नाही, त्याला नवं ब्लेड हाच उपाय.

तुरटीवर लोकांचा फार विश्वास. दाढीनंतर तो थंड, झोंबणारा खडा गालावरून फिरला की माणूस निर्धास्त होतो. तुरटीने कातडी आवळते, बारीक रक्त थांबतं, हे खरं. पण सकाळपासून तोच ओला खडा दहा जणांच्या गालांवरून फिरत असेल, तर तो एकाचं रक्त दुसऱ्याला पोचवतो. मी तुरटी कुटून बारीक तुकडे करून ठेवतो. एका माणसाला एक तुकडा, मग कचऱ्यात. कंगवे बुडवायच्या पांढरट पाण्याचंही तसंच. वास दवाखान्यासारखा येतो म्हणून ते औषध ठरत नाही. आधी साबणाने ब्रश मारून घाण काढायची, मग ७० टक्क्यांचं स्पिरिट. घाणीवरच स्पिरिट ओतलं तर ते वरवरच राहतं.

आता डोक्याचं सांगतो, कारण दाढी करणारे पुष्कळ असतात, डोकं करणारे कमी. गाल मऊ असतो, दाबला जातो. डोक्याला कातडीखाली लगेच हाड, आणि तिथे रक्त इतकं खेळतं असतं की एवढीशी खरचट झाली तरी धार लागते. म्हणून आधी झिरो मशीन मारून केस उतरवतो, कोमट पाण्याने डोकं भिजवतो आणि फेस लावायच्या आधी दोन्ही हातांची बोटं सगळीकडून फिरवतो. चामखीळ, लहानपणीची खोक, मागचं उंच हाड, कानामागची खोबण, सगळं बोटांना आधी कळलं पाहिजे. फेसाखाली काहीच दिसत नाही. डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची, वस्तरा साधारण तीस अंशात आडवा ठेवायचा, हात छोटा मारायचा. भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात, तिथे वस्तऱ्यानेही दिशा बदलायची. कान पुढे दुमडून धरायचा. दुसरा हात आडवा मारतो. उलटा मारत नाही. उलट्या हाताने डोकं तुळतुळीत होतं खरं, पण कापलेला केस कातडीखाली वळतो आणि चार दिवसांनी पुटकुळ्या येतात.

लोकांना हे सगळं लांबण वाटतं. ‘शेजारी दहा मिनिटांत करतात,’ असं ऐकवतात. करत असतील.

मला विचाराल तर या धंद्यातलं निम्मं कसब नाही म्हणण्यात आहे, आणि ते कोणी शिकवत नाही. खरं तर तशी आमची जुनी चाल आहे: १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. माझे नकार त्यापुढे किरकोळ. हनुवटीवर लालसर गोल चट्टा, कडेला पापुद्रे असलेलं गिऱ्हाईक आलं की मी दाढीला हात लावत नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा म्हणतो. दाद असेल तर ती वस्तऱ्याने गालभर पसरते. जावळाला मामाच्या मांडीवर बाळ ओरडत असतं, आजी गुळगुळीत गोटा हवा म्हणून हटून बसते, आणि मी कात्री आणि मशीनवर थांबतो. टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागतं, आणि बाळ कधी मान झटकेल याची खात्री कोणी देत नाही.

मध्यंतरी केमोथेरपी चाललेले एक गृहस्थ आले. केस मुठीमुठीने गळत होते, उशी भरायची. ‘‘एकदाच वस्तरा फिरवून टाका,’’ म्हणाले. मी नको म्हटलं. त्या औषधांनी रक्त गोठायला वेळ लागतो, जंतूंशी लढायची ताकदही कमी झालेली असते. साधा ओरखडाही महागात पडतो. ऑपरेशनआधी केस काढायचेच झाले तर वस्तरा नको, क्लिपर वापरा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं ते याच बारीक जखमांमुळे. हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘डॉक्टरही तेच म्हणाले होते, पण हे ऐकतील तर ना.’’

मशीन स्पिरिटने पुसून झिरो मारला. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, आरशात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘खरखर लागतंय.’’

‘‘लागणारच काका.’’

‘‘मग पैसे कमी घ्या. काम अर्धंच केलंत.’’

मी कमी घेतले.