मिठाच्या रस्त्यावरील पिकअप

डेट्रॉइट शहराच्या खाली मीठ आहे. रस्ते, कारखाने आणि घरे यांच्या १,१०० फुटांहून अधिक खोल, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या एका समुद्राचे हे मीठ थरांच्या रूपाने साठून राहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे विवर खणण्यात आले व आजही त्या खाणीतून मीठ वर येते. ते स्वयंपाकघरात जात नाही. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी ते रस्त्यांवर पसरले जाते. ज्या शहराने अवघ्या अमेरिकेला मोटारी पुरविल्या, त्याच शहराच्या पोटातून मोटारींना खाणारा हा पदार्थ निघावा, हा योगायोग तेथील जुन्या कामगारांच्या थट्टेचा विषय आहे.

रस्त्यावर मीठ टाकण्याची प्रथा फार जुनी नाही. १९४१-४२ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायर राज्याने प्रथम ते धोरण म्हणून स्वीकारले. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. मीठ मिसळलेले पाणी त्याहून बरेच खाली गेल्यावर गोठते. उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंत साधे मीठ उपयोगी पडते. त्यापलीकडच्या थंडीसाठी मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. या मिठामुळे अपघात टळतात, माणसे वाचतात, बाजार चालू राहतात. म्हणून त्याला नुसते दूषण देण्यात अर्थ नाही. परंतु त्याची किंमत कोणीतरी मोजतोच, आणि ज्याचा व्यवसाय चार चाकांवर चालतो त्याला ती अधिक मोजावी लागते.

सांगली जिल्ह्यातून डेट्रॉइटच्या उपनगरात जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने ती मोजली. कुटुंबप्रमुखांना घरचे आणि दुकानचे सगळेच आण्णा म्हणतात. डाळी, तांदूळ, आटा, मसाले यांचा घाऊक व किरकोळ व्यापार. आसपासच्या भोजनगृहांना माल पोहोचविणे हा त्यातील मोठा भाग. त्यासाठी त्यांनी एक पिकअप घेतला होता. महाराष्ट्रात बाजार समितीच्या आवारात भाजीची पोती उतरवणारा पिकअप वाचकांच्या डोळ्यांसमोर येईल. अमेरिकेतील त्याचा भाऊबंद आकाराने मोठा व आतून आरामशीर; पण हौदा, फाळका आणि खाली पोलादाचा लांबलचक सांगाडा ही मूळ घडण तीच. गाडी सात वर्षांची जुनी, रंग चकचकीत, इंजिन उत्तम, आणि भाव बाजारापेक्षा कमी. घरात असा सौदा झाला की चार दिवस त्याचेच कौतुक चालते, तसे ते येथेही झाले.

चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतील एका सकाळी, गोदामाच्या आवारात गाडी मागे घेताना ब्रेकचे पॅडल आण्णांच्या पायाखाली एकदम खोल गेले. वेग नव्हता, आवार मोकळे होते आणि ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असल्याने निम्मा ब्रेक शिल्लक होता. गाडी थांबली. खाली बर्फावर ब्रेकच्या तेलाचा ओघळ दिसला. हौद्यात तांदळाची वीस पोती होती आणि मागे, दाराशी, आण्णांचा मुलगा उभा होता. तो बाजूला झाला होता म्हणून निभावले. त्या दिवशी घरी कोणी जेवणावर फारसे बोलले नाही.

कारागिराने गाडी उचलून खालची बाजू दाखविली, तेव्हा ब्रेकच्या तेलाची बारीक पोलादी नळी एका ठिकाणी कागदासारखी पातळ होऊन फाटलेली आढळली. त्याने हातोडीने सांगाड्यावर हलके ठोके दिले. निरोगी पोलाद घणघणते. येथे मागच्या चाकाजवळ आवाज बद्द आला आणि तांबूस पापुद्रे हातभर खाली गळले. वरचा रंग मात्र अजूनही आरशासारखा होता. विक्रीच्या वेळी सांगाड्याला काळा जाड लेप दिलेला होता. त्या लेपाखाली हे सारे चालले होते.

ही एका गाडीची गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुन्या पिकअपांच्या गंजलेल्या ब्रेक-नळ्यांची दीर्घ चौकशी केली व एप्रिल २०१५ मध्ये ती मिटविली. हा निर्मितीतला दोष नसून मिठाच्या प्रदेशात वर्षानुवर्षे वापरल्याने होणारी झीज आहे, असा निष्कर्ष निघाला. त्याचबरोबर २००७ पर्यंतच्या गाड्यांच्या मालकांनी नळ्या तपासून घ्याव्यात आणि हिवाळ्यात गाडीची खालची बाजू धूत राहावे, असा जाहीर सल्लाही देण्यात आला. म्हणजे निकाल असा, की जबाबदारी मालकाची. पुढच्याच वर्षी एका मोठ्या उत्पादकाने सांगाडे गंजल्याच्या तक्रारींवर सुमारे १५ लाख पिकअप व तत्सम वाहनांसाठी तडजोड मान्य केली. पण अशी भरपाई प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही आणि जुन्या गाडीच्या तिसऱ्या मालकाने तिच्या भरवशावर राहू नये.

गंज कसा चढतो, हे समजून घेतल्याशिवाय उपायांची पारख होत नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढणारच. मीठ त्यात दोन गोष्टींची भर घालते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने लोखंड झिजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया कित्येक पट वेगाने चालते. शिवाय मिठातील क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा भेदून नेमक्या जागी खड्डे पाडतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, सांधे उचकटतो आणि आत आणखी ओलाव्याला वाट करून देतो. तांब्याभांड्यांवर चढणाऱ्या हिरवट थरासारखा तो आतल्या धातूला झाकून ठेवीत नाही.

यात सर्वांना चकविणारी गोष्ट म्हणजे ओलावा. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाची बरणी ओलसर होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढून घेते. मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइड तर निम्म्याहूनही कमी आर्द्रतेत ओले राहतात. गाडीच्या सांध्यात अडकलेले मीठ म्हणजे अशीच एक बरणी. बर्फ गेला, रस्ता कोरडा झाला, तरी ती आत भिजलेलीच असते. आण्णांच्या मुलाला वाटे की गाडी रोज रात्री उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती सुरक्षित राहील. प्रत्यक्षात न धुतलेली गाडी उबेत नेली की गोठलेला खारा चिखल वितळतो आणि उष्णतेमुळे गंजाचा वेग वाढतो. कडाक्याच्या थंडीत बाहेर उभी असलेली गाडी त्या मानाने कमी गंजते. उबेचा लाभ घ्यायचा तर आधी धुणे आणि मग पूर्ण वाळविणे हवे.

पहिला पिकअप अखेर भंगारात गेला. सांगाडा बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. आण्णांनी हिशोब मांडला तेव्हा स्वस्तात मिळालेली ती गाडी दर मैलामागे सर्वांत महाग पडली होती. घसारा दरवर्षी खात्यात धरला जात होताच. पण तो कागदावरचा घसारा एका ठराविक दराने उतरत होता आणि खालचा सांगाडा स्वतःच्या दराने.

दुसरी गाडी घेताना मुलाने दक्षिणेकडील, मीठ न टाकणाऱ्या राज्यातून आलेला पिकअप शोधला. भाव जास्त होता. घेण्यापूर्वी आण्णा स्वतः पुठ्ठा अंथरून गाडीखाली आडवे झाले. त्या वयात त्यांनी तसे करणे विक्रेत्याला विचित्र वाटले असावे. परंतु गाडीची खरी खातेवही खालीच असते. काळा नवा लेप दिसला तर तो शंकेचेच कारण मानावे, हे ते आता जाणून होते. काही नव्या पिकअपांची वरची काया अॅल्युमिनियमची असते (एका लोकप्रिय पिकअपची २०१५ च्या आवृत्तीपासून तशी आहे) आणि ग्राहक निर्धास्त होतो. तथापि त्यांचाही सांगाडा पोलादाचाच असतो.

मग प्रश्न आला संरक्षणाचा. बाजारात मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक, रबर किंवा डांबरासारखा घट्ट थर, जो एकदाच देऊन मोकळे व्हावे असे सांगितले जाते. अगदी नव्या, कोरड्या, स्वच्छ पोलादावर तो ठीक. पण खड्यांनी त्याला चीर पडली की खारे पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. गंजावरच दिला तर तो गंजाला पांघरूण होतो. पहिल्या गाडीचे तेच झाले. दुसरा मार्ग तेलाचा: न वाळणारे पातळ तेल दरवर्षी फवारायचे. ते सांध्यांत सरपटत जाते, पाणी दूर सारते आणि चीर पडण्याजोगे त्यात काही नसते. कॅनडात ही पद्धत घरोघर रूढ आहे. खर्च साधारण १५० ते २०० डॉलर, तोही दरवर्षी. ‘कायमचा’ हा शब्द ग्राहकाला मोहवितो आणि ‘दरवर्षी’ हा शब्द त्याला खुपतो. पण मिठाच्या रस्त्यावर दरवर्षीचा मार्गच स्वस्त पडतो. विजेच्या पेटीने गंज थांबविण्याचे दावे मात्र बाजूला ठेवावेत. समुद्रात बुडालेल्या जहाजाच्या तळाला विद्युत-संरक्षण लाभते, कारण सभोवती अखंड खारे पाणी असते. हवेत धावणाऱ्या गाडीला ते लाभत नाही.

फवाऱ्याच्या दुकानात एक अनपेक्षित प्रश्न निघाला. आक्का, म्हणजे आण्णांच्या पत्नी, कोणत्याही डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय वस्तू दुकानात ठेवू देत नाहीत; येथेही त्यांनी तेलाचा डबा हातात घेतला. त्यावर लॅनोलिन लिहिले होते. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतील मेण. कातरलेली लोकर धुताना ते निघते. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, हे दुकानदाराने समजावून दिले. तरी आक्कांचे समाधान झाले नाही. “कातरलेली लोकर कोणत्या मेंढीची, हे डब्यावर लिहिलेले नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. आण्णांनी वाद घातला नाही. खनिज तेलाचा फवाराही तितक्याच उपयोगाचा होता, तो ठरला. त्यात पथ्य एवढेच, की काही खनिज तेलांनी रबराचे भाग फुगतात, म्हणून ते झाकून घ्यावेत. ब्रेकच्या चकत्यांवर थेंबही उडू नये.

फवारणी स्वस्त असली तरी ती घाईची असू नये. बाहेरून दिसणारा सांगाडा काळाभोर करून पाच मिनिटांत गाडी परत देणारे पुष्कळ आहेत. सांगाड्याचे पोकळ भाग आतून गंजतात. तेथे लांब नळी छिद्रांतून घालून चहूबाजूंनी फवारावे लागते. दारांच्या तळाचे शिवण, पायरीखालची पोकळ पट्टी, मागच्या चाकांवरील कमान, केबिनचे मागचे कोपरे, फाळक्याची खालची दुमड: गंज पहिला येथेच घर करतो. पाणी निथळण्याची बारीक छिद्रे तेलाने वा चिखलाने बुजलेली नाहीत ना, हे तारेने पाहावे. आण्णांनी ब्रेकच्या नळ्याही बदलून तांबे-निकेल मिश्रधातूच्या बसविल्या. त्या वाकवायला सोप्या आणि मिठाला दाद न देणाऱ्या असतात. ज्या गाडीमागे घरचे माणूस उभे राहणार, तिच्यात हा खर्च लांबवू नये.

हिवाळ्यातील धुण्याचीही वेळ साधावी लागते. पारा शून्याच्या वर चढला, ऊन पडले, की खालून पाण्याच्या धारा सोडणाऱ्या धुलाई-केंद्रावर गाडी न्यायची. कडक थंडीत धुतली तर दारांच्या पट्ट्या आणि कुलपे गोठतात. हौद्यात सांडलेले मीठ-पीठ झाडून काढायचे, प्लास्टिकचे अस्तर उचलून त्याखाली साचलेली ओल पुसायची. सर्वांत महत्त्वाची धुलाई एप्रिलमधील; कारण सारा उन्हाळा आत राहिलेले मीठ हवेतील ओल ओढीत बसते, आणि बहुतेक लोक तेव्हाच मीठ विसरलेले असतात.

नव्या गाडीसाठी आण्णांनी रोजकीर्दीत एक वेगळे पान उघडले आहे. धुलाईच्या तारखा, तेलाचा खर्च, हातोडीच्या ठोक्यांचा निकाल, सारे तेथे मराठीत लिहिले जाते. मुलगा त्याला हसतो. पण गेल्या दोन वर्षांपासून त्यातील नोंदी त्याच्या अक्षरात आहेत.

फवारणी ऑक्टोबरच्या अखेरीस, शुक्रवारी सायंकाळी होते. पुढचे दोन दिवस गाडीतून तेल ठिबकत असते आणि धान्याची पोती त्या वासाजवळ ठेवता येत नाहीत. म्हणून माल आधीच पोहोचविला जातो. पहिल्या वर्षी दारासमोरच्या फरसबंदीवर डाग पडले तेव्हा आक्का रागावल्या होत्या. तेव्हापासून आंब्याच्या रसाच्या डब्यांची रिकामी खोकी उन्हाळ्यापासून साठविली जातात आणि शनिवारी सकाळी ती उकलून गाडीखाली अंथरली जातात.